वाणातली हळद

सरळच सांगून टाकते. मला कावीळ झाली होती आणि मला वाटत होतं, मी गोरी होऊन राहिले.

एखादा दिवस नाही, चांगले आठ-नऊ दिवस. सकाळी तोंड धुऊन आरशासमोर उभी राहिले की गालांवर, कपाळावर पिवळसर झाक दिसायची आणि मी खूश. रंगाला रंग मिळावा म्हणून कपाटातली हळदी रंगाची साडी काढून नेसले. शेजारच्या वर्षाबाईंना दिसावं म्हणून मुद्दाम गेटापाशी उभी राहिले. त्या थबकल्या. म्हणाल्या, "काकू, चेहरा चमकून राह्यला वो तुमचा! काय लावता?"

मी म्हटलं, "लावत नाई बाई, खाते."

आणि अशी हसले की जणू माझ्या मागे फोटो काढणारे उभे आहेत.

अडुसष्टाव्या वर्षी गोरं होऊन कुठे जायचं होतं, असं विचाराल. मला विचारू नका. ते त्या एकोणीस वर्षांच्या बह्याड, खुळ्या पोरीला विचारा, जी पन्नास वर्षं माझ्या आत ठाण मांडून बसलेली आहे. तिची ओळख पुढे करून देतेच.

आता मी बरी आहे. पण बाजारात, बागेत, भजनाला ज्या बाया भेटतात त्या गुडघ्याला हात लावून विचारतात, "त्या हळदीच्या गोळ्या घ्याव्या का वो?" प्रत्येकीला पहिल्यापासून सांगता सांगता तोंड दुखायला लागलं. म्हणून लिहून ठेवते.

गुडघे

माझं माहेर शेंदूरजनाघाटचं, संत्र्याच्या बागेतलं. लहानपणी झाडावर चढायची ती उतरायची नाही, वरूनच उडी मारायची. त्या उड्यांचा हिशोब गुडघ्यांनी मनात ठेवला असावा. अमरावतीच्या आमच्या घराला चार पायऱ्या आहेत. त्या उतरताना गुडघ्यातून असा आवाज यायचा की आमचे बुढोबा, म्हणजे माझे यजमान, आतून ओरडायचे, "कोन सुपारी फोडून राह्यलं?"

डॉक्टरच्या दुखण्याच्या गोळ्यांनी पोटात जळजळ व्हायची. मग एके दिवशी मोबाईलवर जाहिरात आली. बाटलीवर हिरवं पान, पानावर हळकुंड, आणि खाली लिहिलेलं की शुद्ध हळदीचा अर्क, काळ्या मिऱ्याच्या सत्त्वासह, सांधेदुखीवर. पूर्णपणे नैसर्गिक. मी बोट लावलं. दिवाळीच्या आधी तीन बाटल्या घरी आल्या.

खोटं सांगणार नाही, बरं वाटलं. पंधरा-वीस दिवसांत पायऱ्या जरा हलक्या झाल्या. गोळीनं झाल्या, की आपण काहीतरी उपाय करतोय या आनंदानं झाल्या, देव जाणे. बाटलीवर लिहिलं होतं, दिवसातून एक. मी एकीच्या दोन केल्या. दोनीच्या चार. हळद तर आहे! बाळंतपणात खाल्ली, खोकल्यात दुधातून प्यायली, जखमेत भरली, रोज डाळीत घातली. ती काय मला नवीन होती?

माझी सून रेखा शाळेत शिकवते. तिनं बाटली पाहिली, उलटी करून बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाली, "आई, एकदा डॉक्टरांना विचारून घ्या ना."

मी म्हटलं, "तू आता मले हयद शिकवतं काय?"

आमच्याकडे हळदीला हयद म्हणतात. माहेरच्या भाषेत ठसक्यानं बोलले की रेखा गप्प बसते, हे मला माहीत होतं. ती गप्प बसली. मी मात्र त्या दिवसापासून बाटल्या ट्रंकेत ठेवल्या आणि रोजच्या गोळ्या माझ्या लग्नातल्या चांदीच्या करंड्यात. करंड्यात कुंकूच असणार, कोण उघडून पाहतं?

वाण

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझी बहीण कमल तेल्हाऱ्याहून आली. कमल माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी धाकटी. तिची गोष्ट सांगायची तर ती जन्मभर माझ्यामागून चालत आली. माझे उतरलेले झगे तिनं घातले. माझी पाटी तिची झाली, एका कोपऱ्यात फुटलेली. माझी पुस्तकं तिला मिळाली तेव्हा त्यातल्या राजांना मी मिशा काढून ठेवल्या होत्या. कोरी वस्तू तिच्या हाताला फार उशिरा लागली.

आणि माझ्या लग्नात तिनं माझी उष्टी हळद लावली. नवरदेवाला लावून उरलेली हळद नवरीला येते, ती उष्टी हळद. नवरीची उरते ती घरातल्या बारक्या पोरींना लावतात, म्हणजे त्यांची लग्नं लवकर जमतात. कमल तेव्हा दहा वर्षांची. वाटीत काही उरलं नाही म्हणून तिनं माझ्या टाचेला लागलेली हळद बोटानं खरवडून स्वतःच्या गालाला पुसली होती.

तिच्या शेतात कापूस असतो. वेचणीला मजूर कमी पडले की ती स्वतः कंबरेला ओटी बांधून उतरते. तिचेही गुडघे गेलेले. संक्रांतीला मी तिला तिळगूळ दिला, हळदीकुंकू लावलं आणि वाण म्हणून तिच्या ओटीत त्या गोळ्यांची एक बाटली ठेवली.

"हे काय वो ताई? दरसाली त प्लास्टिकची चाळनी देतं."

"वाण आहे. वाणाले नाई म्हनत नाई."

"आन् घ्याचं कसं?"

"मी घेते तसं. सकायी दोन, संध्याकायी दोन."

बाटलीवर एक लिहिलं होतं. मी तिला माझं माप दिलं.

डोळे

पुढे महिनाभरानं अंगात आळस भरला. फोडणीचा वास आला की मळमळायचं. लघवी कोऱ्या चहासारखी. अंगाला खाज सुटली, बाहेरून खाजवून जाणार नाही अशी, कातडीच्या आतली. मी सगळ्याची कारणं शोधून ठेवली होती. आळस ऋतू बदलतोय म्हणून, खाज नव्या साबणानं. आणि रंग? रंग हळदीचा. आतून बाहेर येऊन राहिलेला. फोटो काढून कमलला पाठवला आणि खाली लिहिलं, "पाह्य, लग्नातली हळद परत आली."

ओळखलं ते बुढोबांनी. हा माणूस पन्नास वर्षांत माझी साडी कोणत्या रंगाची आहे ते सांगू शकलेला नाही. त्या दिवशी सकाळी चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "अवो, इकडे या. खिडकीत."

"काहून?"

"या म्हनतो ना."

उजेडात त्यांनी माझी पापणी अंगठ्यानं खाली ओढली.  मग नुसतं म्हणाले, "चपला घाला." ते चपला घालायला सांगतात तेव्हा प्रकरण दवाखान्याचं असतं.

दवाखान्यातली डॉक्टर माझ्या नातीच्या वयाची वाटावी अशी तरुण मुलगी. तिनं डोळे पाहिले, पोट दाबलं, रक्त घ्यायला सांगितलं आणि विचारलं, "आजी, कोणतं औषध चालू आहे?"

मी म्हटलं, "काहीच नाही."

आता इथे थांबा. मी तेव्हा खोटं बोलले नाही. देवाशपथ नाही. औषध म्हणजे जे डॉक्टर लिहून देतो, जे कडू असतं, जे आजारी माणूस घेतो. हळद औषध कशी? ती डाळीत असते. "तुम्ही काय खाता?" असं त्या पोरीनं विचारलं असतं तर मी उकडलेल्या वांग्यापासून सगळं सांगितलं असतं आणि त्यात गोळ्याही आल्या असत्या. पण तिनं विचारलं औषध, आणि मी म्हटलं नाही. एका शब्दावरून गाडी रुळावरून खाली उतरली.

त्याच दुपारी मला भरती केलं.

पलंग

दवाखान्यात वेळ सरकत नाही, साचतो. सकाळी रक्त. मग चादर. मग डॉक्टर. मग पातळ खिचडी, तिला ना रंग ना वास. मग नुसती झोप. पण ती झोपही खरी नाही, पाण्यावर तरंगल्यासारखी. खिडकीतून माघातलं ऊन यायचं आणि भिंतीवर पिवळा चौकोन पडायचा. तो चौकोन दिवसभर चालत चालत माझ्या पायापर्यंत यायचा. मला वाटायचं, तो पिवळा रंग माझ्यातूनच पाझरतोय.

सिंधूबाई नावाच्या आया होत्या. खाजेनं मी वेडी व्हायची तेव्हा त्या ओला टॉवेल पाठीवर टाकायच्या आणि वरून तळहातानं नुसतं थोपटायच्या. "खाजवू नका माय, थोपटा. लेकरू समजा." आयुष्यात मला इतकं सुख फार कमी गोष्टींनी दिलं असेल.

भीती तिसऱ्या दिवशी वाटली. दारात डॉक्टर माझ्या मुलाशी बोलत होती. तो नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यातून तसाच आलेला, शर्टाला सुताचे कण. मला झोपलेली समजून ती म्हणाली, "आकडे खाली यायला हवे होते. वर जातायत. जंतूंच्या काविळीच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल आहेत, कारण सापडत नाही. असंच राहिलं तर नागपूरला हलवावं लागेल."

मुलानं काहीतरी विचारलं. ती म्हणाली, "हो. या वयात लिव्हर बंदही पडू शकतं."

मी डोळे मिटूनच होते. उघडायची हिंमत नव्हती. आणि ते दोघं गेल्यावर मी काय केलं असेल? उशीखालची पर्स काढली, पर्समधून करंडा, करंड्यातून दोन गोळ्या, आणि पाण्याबरोबर गिळल्या. अंगात ताकद यावी म्हणून! भरती झाल्यापासून रोज घेत होते. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. घरचं काहीतरी आपल्याजवळ आहे, असं वाटायचं.

पाणी

कारण सापडत नाही म्हटल्यावर घरात कारण शोधायला सुरुवात झाली. चांदूर बाजारहून माझी नणंद भेटायला आली. पलंगाशी बसून, रेखा दोन हातांच्या अंतरावर उभी असताना म्हणाली, "कावीय पान्यातूनच होते. नोकरीवाल्या बाया पानी उकयतात कुठी? नळाचं भरलं की झालं."

रेखा रोज पाणी उकळते. पहाटे उठून उकळते, गाळते, माझ्यासाठी वेगळ्या तांब्यात भरते, मग शाळेत जाते. हे मला माहीत. माझ्या मुलालाही माहीत असावं. पण तोही त्या दिवशी जमिनीकडे पाहत राहिला. रेखा न्हाणीत गेली. आत नळ बराच वेळ चालू होता. बाहेर आली तेव्हा चेहरा धुतलेला आणि नाकाचा शेंडा लाल.

चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टरनं पुन्हा विचारलं. या वेळी फोडून फोडून. "आजी, आठवून सांगा. काढा, पावडर, जडीबुटी, टीव्हीवरची, मोबाईलवरची कुठली गोळी? शक्तीची, गुडघ्याची?"

रेखा समोरच उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. "आई, त्या दिवाळीतल्या...?"

"त्या कवाच्या संपल्या," मी म्हटलं.

हे मात्र खोटं. अस्सल. पहिल्या दिवशीचं 'नाही' माझ्या अडाणीपणाचं होतं, हे दुसरं नाकाचं. सुनेनं सांगितलं होतं, मी तिला गप्प बसवलं होतं. आता तिच्याचसमोर, "हो बाई, तूच खरी," कसं म्हणायचं? माझं लिव्हर बंद पडायला निघालं होतं आणि मी माझी इज्जत सांभाळत होते. करंडा उशीखाली, वर माझं डोकं.

पोरगी

त्या दुपारी डोळा लागला आणि ती आली.

एकोणीस वर्षांची, पलंगाच्या पायथ्याशी पाय हलवत बसलेली. नखशिखान्त पिवळी. कुठून तरी संत्र्याच्या आंबिया बहाराचा वास येत होता. माघात आमच्या बागेत पांढरी फुलं फुटतात तेव्हा सगळं गाव त्या वासानं गुंगीत असतं; इथे दवाखान्यात तो फिनाईलच्या वासातून वाट काढत आला होता.

मी तिला म्हटलं, "आंघोळ केली नाईस अजून?"

ती म्हणाली, "नाई. रंग उतरंन."

तिची गोष्ट खरी आहे. रंगानं मी आमच्या काळ्या मातीची. पाहायला आलेल्यांत कोणीतरी कुजबुजलं होतं, "पोरगी चांगली हाय, उजेडात पाह्यली पाह्यजे." ते तिनं ऐकलं. म्हणून हळदीच्या दिवशी तिनं वाटीतली हळद वाढवून घेतली, आणि लग्नानंतर तीन दिवस अंगावर पाणी घेतलं नाही, म्हणजे सासरी पिवळी पोचावी. उन्हाळ्यात! अमरावतीत आल्यावर माझ्या सासूबाईंनी मला ओवाळलं, नाक मुरडलं आणि पहिलं वाक्य बोलल्या, "पयले न्हाऊ घाला रे बाप्पा हिले." मी न्हाले आणि खाली पुन्हा तीच मी. सासूबाईंनी टॉवेलनं तोंड पुसलं, पाहिलं, आणि दुसरं वाक्य बोलल्या, "आता कशी मानसावानी दिसतं." मला ते तेव्हा ऐकू आलं नाही. माझ्यातली ती पोरगी गोऱ्या रंगासाठी रडत बसली होती.

स्वप्नात मी तिला म्हटलं, "उतर माझ्या पलंगावरून. तुझ्या नादानं मी मरून राहिले."

ती हसली. आणि मग मला दिसलं की तिच्या पायाशी कोणीतरी वाकून बसलंय. दोन वेण्या, माझाच जुना झगा, खांद्यावर मोठा होणारा. टाचेची हळद बोटानं खरवडून गालाला लावत होती. मी ओरडले, "कमल, नको, ती उष्टी आहे." आवाज फुटेना. ती लावतच राहिली. मान वर केली तेव्हा तिच्या डोळ्यांतलं पांढरंही पिवळं होतं.

जाग आली ती फोनच्या आवाजानं. रेखा पलंगाशेजारी संत्रं सोलत बसली होती. तिच्याच हातातला वास. फोन तिनं माझ्यासमोर धरला. "कमलमावशी आहे. व्हिडिओवर."

तिला मी काविळीचं कळू दिलं नव्हतं. थोडा अशक्तपणा आहे, सलाईन लावलंय, एवढंच. पडद्यावर ती अंगणात उभी होती, उन्हात, पदरानं घाम पुसत.

"कशी हायस वो ताई? आवं, पाह्य न मले जरा! तुह्या फोटोतल्यावानी मलेबी तेज येऊन राह्यलं. जेवन काई जात नाई, मरगळ लय आहे, पन तेज आहे!"

ती फोनच्या जवळ आली. डोळे मोठे झाले. कडेला, कोपऱ्यात, पिवळं.

करंडा

फोन चालूच होता. मी रेखाला म्हटलं, "माझी पर्स दे." पर्स उशीखाली होती, तिनं काढून दिली. मी करंडा तिच्या हातात ठेवला.

"कुंकू लावायचंय?" तिनं विचारलं.

"उघड."

तिनं उघडला. आत चांदीवर टेकलेल्या सात-आठ पिवळ्या गोळ्या.

तिनं झाकण लावलं. फोन उचलून म्हणाली, "मावशी, संक्रांतीला आईंनी दिलेली बाटली आहे ना, ती आता या मिनिटापासून बंद. एकही नाही घ्यायची. पंकजला द्या फोन." पंकज कमलचा मुलगा. त्याला सांगितलं, आजच अकोल्याला ने, रक्त तपास, बाटली सोबत घे, डॉक्टरच्या हातात दे. सगळं शांतपणे, वर्गात गणित समजावून सांगते तसं. फोन ठेवला आणि करंडा घेऊन डॉक्टरच्या खोलीकडे गेली. 

डॉक्टर आली. करंड्यात डोकावली.

"आजी, या इथे भरती झाल्यावरही घेत होता?"

"हाव."

"किती?"

"सकायी दोन, संध्याकायी दोन."

ती डॉक्टर पोरगी माझ्या पलंगावर बसलीच. रागवेल असं वाटलं होतं. कपाळाला हात लावून म्हणाली, "मी इकडे कारण शोधत जागी, आणि कारण उशीखाली?"

मग तिनं समजावलं, आणि मला जेवढं कळलं तेवढं सांगते. डाळीतली हळद चिमूटभर. ती पोटातून निम्मी-अर्धी तशीच निघून जाते. या गोळीत ढीगभर हळदीचा अर्क आटवलेला, आणि मिऱ्याचं सत्त्व त्याला ढकलत रक्तात नेतं. बहुतेकांना काही होत नाही. पण काही जणांच्या लिव्हरला ते सोसत नाही, आणि कोणाला सोसणार नाही हे आधी कळत नाही. "दोघी सख्ख्या बहिणी. शरीराची घडण सारखी असू शकते. तुम्हाला नाही सोसलं म्हणजे त्यांनाही नसेल."

"ती वाचंन ना?" मी विचारलं.

"रिपोर्ट येऊ द्या."

तेल्हारा ते अकोला

त्या दुपारी मी माझ्या लिव्हरचा विचार एकदाही केला नाही. मनानं त्यांच्या गाडीत होते. आता अडगाव गेलं असेल, आता अकोट, आता पूल. भिंतीवरचा पिवळा चौकोन माझ्या पायापर्यंत आला, पायावरून वर चढला, आणि विझला. मी देवाला म्हटलं, माझं काय करायचं ते कर, पण मी दिलेलं वाण तिच्याकडून परत घे. वाण परत घेत नसतात, मला माहीत आहे. तरी म्हटलं.

नणंद अजून गेली नव्हती. चहा पिता पिता पुन्हा सुरू झाली, "त्या पान्याचंच—"

"पान्याचं नाई," मी म्हटलं. वॉर्डात सहा पलंग होते, सहाही पलंगांना ऐकू जाईल असं म्हटलं. "मी हळदीच्या गोळ्या चोरून खात होती. रेखानं सांगतलं होतं नको खाऊ. मी आयकलं नाई. इथंबी खाल्ल्या, करंड्यातून."

नणंदेचा कप बशीवर वाजला. पलीकडच्या पलंगावरची म्हातारी उठून बसली आणि म्हणाली, "अवं माय! मी घरी आवळ्याच्या घेतो, त्याचं काय?" सिंधूबाई म्हणाल्या, "तुमीबी सांगून टाका आता डॉक्टरले, वातावरन चांगलं हाय." सगळा वॉर्ड हसला. रेखा हसली नाही. पण तिनं माझी वेणी सोडली, फणी घेतली आणि गुंता काढत बसली. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. फणी मात्र दोन्ही दिवस फिरली.

दिवेलागणीला पंकजचा फोन आला. कमलचं लिव्हर सुजलं होतं, पण सुरुवातच होती. चार-पाच दिवस ठेवून घेतील. डॉक्टर म्हणाले, अजून पंधरा दिवस घेतल्या असत्या तर अवघड होतं. बुढोबा व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. परत आले तेव्हा चष्मा पुसत होते, आणि मला म्हणाले, "आता दुसऱ्यांदा गोरी होऊ नका."

गोळ्या बंद झाल्यावर माझे आकडे तिसऱ्या दिवशी वळले. डॉक्टरनं कागद हलवत सांगितलं, खाली येतायत. रंग जायला मात्र सव्वादोन महिने लागले. रोज आरशात पाहायचे आणि रोज थोडी काळी झाले की आनंद व्हायचा. सासूबाईंचं ते दुसरं वाक्य मला आता ऐकू आलं.

सांगायचं एवढंच, की डॉक्टरनं "औषध" म्हटलं तर तुमच्या डोक्यातला औषधाचा अर्थ बाजूला ठेवा. तोंडातून पोटात जे जे जातं ते सांगा: काढा, चूर्ण, मध, गोळी, शेजारणीनं दिलेली पुडी. बाटली सोबत न्या. लाज वाटली तर माझं नाव सांगा की त्या बाईनं वॉर्डात ओरडून सांगितलं होतं. आणि स्वतःवर जे करायचं ते करा, दुसऱ्याच्या ओटीत घालू नका. गुडघे माझे अजून दुखतात. डॉक्टरनं व्यायाम शिकवलाय, खुर्चीत बसून पाय लांब करायचा. बुढोबा समोर बसून मोजतात आणि मुद्दाम चुकतात.

चैत्र

चैत्रात रेखानं हळदीकुंकू केलं. आंब्याची डाळ, पन्हं, मोगऱ्याचे गजरे. डाळ वाटताना तिनं हळदीच्या डब्यावर हात ठेवून मला विचारलं, "घालू का?" मी म्हटलं, "चिमूटभर. तू म्हनशीन तेवढी."

कमल आली. रोडावलेली, पण डोळे शुभ्र. माझ्या पायऱ्या ती माझ्यासारखीच आवाज करत चढली. मी तिच्यासाठी लुगडं आणलं होतं, कोरं, घडी न मोडलेलं. तिच्या हातात ठेवलं आणि जे दोन महिने फोनवर जमलं नव्हतं ते म्हटलं, "माफ कर मले. मी तुह्या ओटीत मरन टाकलं होतं."

तिनं लुगडं नाकाशी नेऊन कोऱ्या कापडाचा वास घेतला. मग तबकातली हळद बोटावर घेऊन माझ्या कपाळाला लावली आणि म्हणाली,

"जन्मभर तुहे उतरलेले झगे घातले, तुह्या मिशावाल्या पुस्तकात शिकली, तुही उष्टी हयद लावली, आन् आता तुही कावीयबी घेतली. माफीगिफी ठेव तुह्यापाशी. एक काम कर ताई, वर जाची येळ आली त मले पयले जाऊ देजो. तिथं तरी मले कोरं भेटू दे."